हौशी छायाचित्रकाराची नवी अंधारखोली

फिल्मच्या काळात हौशी छायाचित्रकाराचे अर्धे काम कॅमेऱ्याने उजेडात होई आणि उरलेले अर्धे काळोखात होई. १८५४ साली मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हापासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ही विभागणी टिकली. ज्याला ऐपत होती तो घरात स्वतंत्र अंधारखोली बांधी; ज्याला ती नव्हती तो रात्रीची जेवणे आटोपल्यावर न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद लावी आणि तांबड्या दिव्याच्या मंद उजेडात डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कागद हलवीत बसे. आता ती खोली बहुतेक घरांतून नाहीशी झाली असून तिची जागा टेबलावरच्या संगणकाने घेतली आहे. खोली गेली, तरी खोलीतले काम शिल्लकच आहे; आणि त्या कामासाठी साधने कोणती घ्यावीत हा प्रश्न कॅमेरा कोणता घ्यावा या प्रश्नाहून अधिक गोंधळाचा झाला आहे.

गोंधळ होतो तो बहुधा खरेदीच्या क्रमामुळे. लाखभर रुपयांचा कॅमेरा आणि भिंग घेऊन आलेला गृहस्थ आपली चित्रे अशा जुन्या लॅपटॉपवर पाहू लागतो, की ज्याचा पडदा मान जरा तिरकी केली तरी रंग बदलतो. त्या पडद्यावर चित्रे मनासारखी दिसेनात, म्हणून तो सॉफ्टवेअर बदलतो. तरीही जमेना, म्हणून त्याहून महागाचे घेतो. चष्म्याचा नंबर चुकला असता पुस्तक बदलावे, तशातलाच हा प्रकार आहे. या साधनांच्या अंदाजपत्रकात पहिली तरतूद पडद्यासाठी, दुसरी चित्रांच्या साठवणीसाठी, मग संगणकासाठी आणि राहिलेली सॉफ्टवेअरसाठी असावी, असे म्हटले तर ते प्रथम विचित्र वाटेल. पण मुळात हे काम काय आहे हे पाहिले, की या क्रमाचा उलगडा होतो.

कॅमेऱ्यातील संवेदक प्रकाशाचे प्रमाण तेवढे मोजतो. रंग त्याला स्वतःला कळत नाहीत. म्हणून त्याच्या प्रत्येक सूक्ष्म बिंदूवर तांबडी, हिरवी किंवा निळी अशी एकेक रंगीत चाळणी बसविलेली असते. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांच्या नावाने १९७६ साली पेटंट झालेली ही रचना आजही बहुतेक कॅमेऱ्यांत वापरली जाते. तिच्यात निम्मे बिंदू हिरव्यासाठी आणि एकेक चतुर्थांश तांबड्या व निळ्यासाठी असतात. प्रत्येक बिंदूला एकच रंग मोजता येतो. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून अनुमानाने भरावे लागतात. म्हणजे अशा कॅमेऱ्याने काढलेल्या प्रत्येक रंगीत छायाचित्रात अनुमानाचा मोठा भाग असतोच. हे अनुमान कॅमेऱ्याने आपल्या ठरीव पद्धतीने करून टाकले म्हणजे तयार होते ती जेपेग फाइल. आणि मोजलेले आकडे जवळजवळ जसेच्या तसे ठेवून पुढचे काम माणसावर सोपविले म्हणजे तिला म्हणतात रॉ फाइल. ‘मी माझ्या चित्रांना हातही लावीत नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्याच्या चित्रांनाही कोणाचा तरी हात लागलेला असतो. तो कॅमेऱ्याच्या कारखान्यातील अभियंत्याचा असतो, इतकेच.

या दोन फाइलींतील अंतर आकड्यांनी सांगायचे तर जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात आणि चौदा बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. समईच्या उजेडातल्या गाभाऱ्याचे चित्र घेतले असता जेपेगमध्ये मूर्तीमागचा काळोख उजळू गेल्यास तेथे पट्टे आणि ठिपके उमटतात. रॉ फाइलमध्ये त्याच काळोखातून दगडाचा पोत पुष्कळदा हळूहळू बाहेर येतो. समईची ज्योत मात्र एकदा पांढरीफटक नोंदली गेली, की कोणतेही सॉफ्टवेअर तिच्यातला हरवलेला तपशील परत आणू शकत नाही. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स हे तरुणपणी पियानोवादक होण्याच्या मार्गावर होते. निगेटिव्ह म्हणजे संगीताची लिहिलेली स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे तिचे वादन, अशी तुलना ते करीत. रॉ फाइलला ही तुलना तंतोतंत लागू पडते. तेव्हा छायाचित्रावर संगणकाने केलेले हे संस्कार म्हणजे लबाडी नव्हे. चित्रात नसलेला माणूस आणून बसविणे किंवा असलेला उचलून टाकणे ही निराळी गोष्ट आहे आणि तिची जबाबदारीही निराळी आहे.

ज्याला चित्र थोडे सरळ करायचे आहे, कडा कापायच्या आहेत आणि ते नातेवाइकांना धाडायचे आहे, त्याला यांतले काहीही विकत घेण्याचे कारण नाही. फोनमध्ये मुळातच असलेली सोय त्याला पुरते. पुढील विवेचन रॉ फाइलींच्या वाटेला लागलेल्यांसाठी आहे.

संस्कार करणे म्हणजे प्रत्येक क्षणी निर्णय करणे. हा भाग अधिक गडद हवा काय, ही त्वचा पिवळट झाली काय, आकाशाचा निळा रंग खरा वाटतो काय, असे प्रश्न डोळा विचारतो आणि त्यांची उत्तरे पडदा देतो. पडदा खोटे बोलत असेल, तर अत्यंत कुशल माणसाचेही सगळे निर्णय चुकतात. म्हणून पडद्याची निवड करताना प्रथम पाहावे ते त्याचे पटल. आयपीएस जातीचे पटल बाजूने पाहिले तरी रंग फारसे बदलत नाही. स्वस्त लॅपटॉपांत आढळणारे टीएन जातीचे पटल बदलते, आणि छायाचित्राच्या कामाला ते निरुपयोगी होय. दुसरी गोष्ट रंगांच्या आवाक्याची. ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ साली ठरविलेला एसआरजीबी हा रंगांचा एक ठरीव परिवार आहे. इंटरनेटवरची चित्रे सामान्यतः त्याच्याच आधाराने दाखविली जातात. पडदा हा परिवार जवळजवळ पूर्ण दाखवीत असावा. पुष्कळ स्वस्त लॅपटॉपांचे पडदे त्याचा जेमतेम दोन तृतीयांश भाग दाखवितात, आणि जाहिरातीत त्याविषयी मौन असते. याहून विस्तृत असा ॲडोबी आरजीबी हा परिवार १९९८ साली आला. स्वतःच्या उत्तम प्रिंटरवर छापणाऱ्याला तो उपयोगी पडतो. इतरांना तो बहुधा त्रासच देतो, कारण त्यात जतन केलेले चित्र त्याची दखल न घेणाऱ्या ठिकाणी गेले की फिके दिसते. आकाराने चोवीस ते सत्तावीस इंचांचा पडदा घरच्या टेबलाला पुरे होतो. लॅपटॉप चांगला असला, तरी असा स्वतंत्र पडदा त्याला जोडून घेणे हा पैशाचा सदुपयोग होय.

पडदा चांगला घेतला तरी तो दुकानातून आलेल्या स्थितीत वापरू नये. दुकानात तो डोळ्यांत भरावा म्हणून झगमगीत करून ठेवलेला असतो. ‘पडद्यावर चित्र छान दिसते, पण प्रिंट काळपट येते,’ ही हौशी मंडळींची सर्वांत जुनी तक्रार आहे आणि तिचा दोष प्रिंट काढणाऱ्या लॅबला दिला जातो. कारण अगदी साधे आहे. पडदा स्वतःच्या प्रकाशाने उजळतो, तर कागद खोलीत असेल तेवढाच प्रकाश परतवितो. झगमगीत पडद्यावर काम करणारा माणूस नकळत चित्र गडद करीत जातो आणि तो गडदपणा कागदावर उघडा पडतो. छापण्याच्या कामासाठी पडद्याचा उजेड दर चौरस मीटरला सुमारे ८० ते १२० कँडेला एवढा असावा असा संकेत आहे. नव्या पडद्यांचा मूळ उजेड पुष्कळदा ३०० पर्यंत किंवा त्याहूनही वर असतो.

हा उजेड आणि रंग मोजून जुळवून देणारे एक लहानसे उपकरण मिळते. ते पडद्यावर टेकवून ठेवले, की त्याच्याबरोबरचे सॉफ्टवेअर ठराविक रंगांचे चौकोन एकामागून एक दाखविते, उपकरण ते मोजते, आणि जेथे जेथे पडदा चुकतो तेथे दुरुस्ती कशी करावी याची एक नोंद तयार होते. ही नोंद संगणक पुढे वापरीत राहतो. पडदा जुना होत जातो तशी त्याची चाल बदलते, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी ही मोजणी पुन्हा करावी लागते. एका कुटुंबापुरता हा खर्च जड वाटतो. परंतु गावातील छायाचित्रकारांच्या क्लबने एक उपकरण घेऊन ते सभासदांत आळीपाळीने फिरविले, तर अल्प वर्गणीत सर्वांचे काम भागते. सार्वजनिक वाचनालयाचे तत्त्वच येथे लागू करायचे आहे.

खोलीचाही विचार करावा लागतो. पडद्यावर खिडकीचे ऊन पडू नये, आणि भडक गुलाबी किंवा पोपटी भिंत समोर नसावी. तिचा रंग डोळ्याला हळूच फसवितो. रात्री डोळ्यांना आराम मिळावा म्हणून संगणक पडद्याला पिवळसर छटा देतात. झोपेला ती उपकारक असेल. रंग जुळविताना ती बंदच ठेवावी.

भारतीय जीवनातील रंगांपुरती एक अडचण येथेच सांगितली पाहिजे. कुंकू, गुलाल, झेंडू, लाल शालू हे रंग इतके तीव्र असतात, की चित्राचा एकंदर उजेड योग्य असूनही तांबड्या रंगाची मोजणी आपल्या शेवटच्या पायरीला, म्हणजे २५५ ला, जाऊन आदळते. मग शालूचे विणकाम दिसेनासे होऊन तेथे एक सपाट लाल डाग उरतो. सॉफ्टवेअर निवडताना त्याचा आलेख तिन्ही रंग स्वतंत्रपणे दाखवितो की नाही हे अवश्य पाहावे. तांबडा पुढे पळत असल्यास उजेड किंवा रंगाची तीव्रता थोडी उतरविली, की विणकामाच्या रेघा पुष्कळदा परत येतात. याच्या उलट पुष्कळ फोनांतील ‘सौंदर्यवर्धक’ सोय सावळ्या चेहऱ्याला न विचारता गोरा करून टाकते. स्वतःच्या आजीचा वर्ण बदलण्याचा अधिकार या यंत्रांना कोणी दिला, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

संगणकाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. चोवीस मेगापिक्सेलच्या चित्रात सहा हजार गुणिले चार हजार बिंदू असतात. त्यांचे तीन रंग, प्रत्येकाला दोन बाइट, असा हिशेब केला, तर उघडलेल्या चित्राचा एकेक थर १४४ मेगाबाइट जागा व्यापतो. असे पाच-सहा थर झाले, की स्मृतीची आवश्यकता ध्यानात येते. सोळा गिगाबाइट रॅमने काम भागते, बत्तीसने सुखाने होते. चालू वर्षाची चित्रे व सॉफ्टवेअर ठेवण्यासाठी एसएसडी हवीच. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचे महत्त्व अलीकडे वाढले. कमी उजेडातील चित्रांतील ठिपके काढण्याची, शिकविलेल्या यंत्रबुद्धीवर आधारलेली जी सोय ॲडोबीने २०२३ साली लाइटरूममध्ये आणली, तिच्यासारखी कामे चांगल्या कार्डावर काही सेकंदांत, तर जुन्या संगणकावर कित्येक मिनिटांत होतात. लग्नसमारंभाची शेकडो चित्रे एका बैठकीत संपविणाऱ्याने याचा विचार करावा. रविवारी दहा चित्रांवर काम करणाऱ्याने तेवढ्या वेळात चहा घ्यावा. समान शक्तीचा टेबलावरचा संगणक लॅपटॉपहून बहुधा स्वस्त पडतो. विजेचा लपंडाव असलेल्या गावी यूपीएसचा खर्च वगळू नये.

सॉफ्टवेअर दोन प्रकृतींचे असते. एक प्रकार प्रत्यक्ष बिंदूंवर काम करणारा. त्याचा मूळपुरुष फोटोशॉप. टॉमस नोल या विद्यार्थ्याने १९८७ साली आरंभिलेला आणि भाऊ जॉन याच्या साह्याने वाढविलेला हा प्रकल्प ॲडोबी कंपनीने १९९० साली बाजारात आणला. दुसरा प्रकार मूळ फाइलला स्पर्श न करता ‘उजेड एवढा वाढवा, सावली एवढी उजळा’ अशा सूचनांची यादी जवळ ठेवणारा. लाइटरूम, कॅप्चर वन, डीएक्सओ फोटोलॅब हे त्यातले विकतचे. डार्कटेबल आणि रॉथेरपी हे मोफत व खुले. हौशी माणसाची बहुतेक सर्व गरज या दुसऱ्या प्रकाराने भागते. त्याच्यातच हजारो चित्रांची सूची ठेवण्याचीही बहुधा सोय असते. फोटोशॉपचे नाव म्हणीसारखे सर्वतोमुखी झाल्यामुळे पुष्कळ जण आरंभ तेथून करतात आणि थकून हौसच सोडून देतात.

परंतु सूचनांच्या यादीचा एक दुसरा पदर आहे, आणि सॉफ्टवेअरची निवड खरी अवघड होते ती येथे. ती यादी ज्या भाषेत लिहिलेली असते ती त्या-त्या कंपनीची भाषा असते. ॲपल कंपनीने २००५ साली ॲपर्चर हे सॉफ्टवेअर काढले. अनेकांनी विश्वासाने आपला चित्रसंग्रह त्यात लावला. २०१४ च्या जूनमध्ये कंपनीने त्याचा विकास थांबविल्याचे जाहीर केले आणि २०१९ साली आलेल्या मॅकच्या नव्या कार्यप्रणालीवर ते चालेनासे झाले. लाइटरूममध्ये संग्रह हलविणाऱ्यांची मूळ छायाचित्रे तेवढी पोहोचली. वर्षानुवर्षे बसून केलेले संस्कार त्या नव्या घराला वाचता आले नाहीत. गूगलने पिकासाही २०१६ साली बंद केले. ॲडोबीने २०१३ साली विक्री सोडून वर्गणीची पद्धत स्वीकारण्याचे जाहीर केले. लाइटरूमची एकदाच पैसे देऊन घेता येणारी अखेरची आवृत्ती २०१५ ची. वर्गणी थांबली म्हणजे लाइटरूम क्लासिकमध्ये जुनी चित्रे पाहता येतात व बाहेरही काढता येतात, पण संस्कार बदलण्याचे दालन बंद होते. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाने हौसेसाठी आजन्म भाडे भरावे काय, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे. मात्र प्रश्न खरेदीपूर्वी विचारावा. मोफत मिळते ते निश्चिंत असतेच असे नव्हे. इंग्लंडमधील सेरिफ कंपनीचे ॲफिनिटी फोटो २०१५ पासून एकरकमी किमतीला मिळत असे. २०२४ साली ती कंपनी कॅन्व्हाने घेतली आणि २०२५ च्या ऑक्टोबरपासून ॲफिनिटी मोफत झाले. हे सुखद खरे, पण ते मालकाच्या मर्जीवर आहे. डार्कटेबल, रॉथेरपी आणि १९९६ पासून चालत आलेले गिम्प यांची मूळ संहिताच खुली असल्यामुळे ती कोणा एकाच्या इच्छेने मिटविता येत नाही.

खुल्या सॉफ्टवेअरचे गोडवे गाताना त्याचे दोष झाकण्याचे कारण नाही. डार्कटेबल शिकणे कष्टाचे आहे. त्यातील कळींची नावे भौतिकशास्त्राच्या पुस्तकातून उचलल्यासारखी वाटतात. नव्या कॅमेऱ्याच्या फाइली त्याला उघडता येईपर्यंत कधी कधी काही महिने लोटतात. ज्याला वेळ कमी आणि चित्रे पुष्कळ, त्याने विकतचे घ्यावे, कारण वेळेलाही किंमत आहे. वर्षाला हजार-दोन हजार चित्रे काढणाऱ्याने मात्र खुल्यापासून आरंभ करून वाचलेला पैसा पडद्यात घालावा, हेच शहाणपणाचे दिसते. निकॉनचे एनएक्स स्टुडिओ आणि कॅननचे डिजिटल फोटो प्रोफेशनल यांच्याकडे तर फारच थोड्यांचे लक्ष जाते. ती त्या-त्या कॅमेऱ्याच्या मालकांना विनामूल्य मिळतात आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसलेला रंग त्यांच्यात जवळजवळ तसाच उतरतो.

कोणतेही सॉफ्टवेअर घेतले, तरी सूचनांची यादी चित्राशेजारी स्वतंत्र एक्सएमपी फाइलमध्ये लिहिण्याची सोय त्यात असल्यास ती चालू करावी. सर्व संस्कार दुसऱ्या सॉफ्टवेअरला समजतील असे नाही. परंतु मथळे, तारखा, माणसांची नावे बहुधा समजतात. ती नावे देवनागरीत लिहिता येतात आणि अवश्य लिहावीत. पन्नास वर्षांनी ‘डीएससी ४४१७’ या नावाच्या फाइलीतील नऊवारीतली बाई कोण, हे सांगायला कोणी उरलेले नसेल. वर्षातली उत्तम शंभर चित्रे पूर्ण झाल्यावर टिफ या सर्वत्र उघडणाऱ्या स्वरूपातही काढून ठेवावीत.

साठवणीचा नियम अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला आहे: प्रती तीन, त्या दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. तीस मेगाबाइटची एक अशा पाच हजार रॉ फाइली दीडशे गिगाबाइट भरतात. म्हणजे एका साध्या दोन टेराबाइटच्या बाह्य हार्ड डिस्कमध्ये दहा-बारा वर्षे मावतात. अशी एक डिस्क घरी आणि एक दुसऱ्या गावच्या बहिणीकडे ठेवून दिवाळीला त्यांची अदलाबदल करण्याची रीत इंटरनेटच्या भाड्याहून स्वस्त आहे आणि पुराच्या किंवा चोरीच्या प्रसंगी तितकीच उपयोगी पडते.

विकतच्या सॉफ्टवेअरपैकी पुष्कळांची ठराविक मुदतीची चाचणी आवृत्ती विनामूल्य मिळते. त्या मुदतीत इतरांनी काढलेल्या आदर्श चित्रांवर हात चालविण्यात अर्थ नाही. स्वतःचीच वीस चित्रे निवडावीत: भर दुपारचे एक, गाभाऱ्यातले एक, लाल शालूतले एक, सावळ्या चेहऱ्याचे एक, पावसातले एक, बिघडलेलीही दोन-तीन. तीच वीस चित्रे दोन सॉफ्टवेअरांतून काढावीत, वेळ किती लागला ते लिहून ठेवावे, आणि त्यांतली चार लॅबमधून आठ बाय बारा इंचांवर छापून आणावीत. सकाळी दहाच्या सुमारास, ऊन थेट येत नाही अशा खिडकीपाशी ती प्रिंटे धरून पाहावीत. ती काळपट दिसली, तर सॉफ्टवेअर बदलण्यापूर्वी पडद्याचा उजेड थोडा उतरवून तेच चित्र पुन्हा एकदा छापून आणावे.